सांगली-मिरजेच्या उजेडात २.८ टेलीझूम: कमी पैशात कुठली, आणि वापरायची कशी

आपल्याकडे फोटो काढावासा वाटावा असं जे जे काही घडतं ना, ते बहुतेक सगळं ऊन कलल्यावरच रंगात येतं. कुस्तीचं मैदान घ्या, दुपारी बारक्या पोरांच्या कुस्त्या लागतात तेव्हा ऊन मोप असतं, पण ज्या कुस्तीसाठी अख्खा गाव बसलेला असतो ती एक नंबरची कुस्ती लागते सगळ्यात शेवटी, सूर्य गेल्यावर, कधीकधी तर हॅलोजन लावून. कबड्डी रात्रीचीच. सांगलीच्या भावे नाट्यमंदिरात नाटक म्हणजे अंधार आलाच, आणि मिरजेला दर्ग्यातली अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मृतीची संगीत सभा तर रात्र चढेल तशी चढते. आणि आपल्या हातात काय असतं, कॅमेऱ्याबरोबर आलेली ५५-२५० नाहीतर ७०-३०० एमएमची टेलीझूम, म्हणजे लांबचं जवळ आणणारी लेन्स, जी पुढे झूम केली की ५.६ वर जाऊन बसते. हा ॲपर्चरचा, म्हणजे उजेड आत घेणाऱ्या भोकाचा आकडा, तो जितका लहान तितकं भोक मोठं.

म्हणून आमच्याकडं फोटो काढणारी पोरं वर्षभरात कधी ना कधी विचारतातच, "दादा, २.८ वाली टेलीझूम घ्यायची हाय पण बजेट नाही, कुठली घेऊ?" प्रत्येकाला फोनवर तेच तेच सांगतोय, म्हणून आज सविस्तर लिहून काढतो.

आधी २.८ चा एवढा हट्ट का ते बघू. ५.६ वरून २.८ वर आलं की दोन स्टॉपचा फरक पडतो, म्हणजे उजेड चौपट आत येतो. कबड्डीत चढाईचा पाय हवेत धरायचा तर शटर १/८०० सेकंद तरी लागतंच, आणि त्या शटरला ५.६ वर जिथं आयएसओ, म्हणजे सेन्सरची उजेडाची संवेदना, १२८०० लागतो तिथं २.८ वर ३२०० मध्ये भागतं. जुन्या क्रॉप बॉडीवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, १२८०० चा फोटो आणि ३२०० चा फोटो यातला फरक सांगायला नको, एकात चेहरा असतो आणि एकात नुसता कण कण. दुसरी गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते, डीएसएलआर, म्हणजे आत आरसा असलेला कॅमेरा, फोकस करताना लेन्स पूर्ण उघडीच ठेवतो, फोटो तुम्ही ४ वर काढा नाहीतर ८ वर, त्यामुळं मोठ्या ॲपर्चरच्या लेन्सला अंधारात फोकसही नीट मिळतो, कित्येक बॉडीत मधला फोकस पॉइंट २.८ किंवा त्याहून मोठ्या लेन्सवरच आपली पूर्ण अचूकता दाखवतो. नाटकात पात्र अंधाऱ्या कोपऱ्यात उभं असताना लेन्स मागंपुढं नुसती शोधत राहते ना, ते यानं खूप कमी होतं.

आता पैशाचं. कॅनन-निकॉनची आजची नवी, मिररलेसची म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांची, ७०-२०० २.८ दोन लाखांच्या घरात किंवा त्याच्याही वर जाते, ती आपण सोडून देऊ. उरतात दोन रस्ते, एक टॅमरॉन-सिग्मा आणि दुसरा सेकंडहँड, आणि खरं सांगायचं तर दोन्ही एकत्र केले की काम होतं. पण त्याच्याही आधी एक प्रश्न स्वतःला विचारा, मी सगळ्यांना हाच विचारतो: तुमच्या फोटोत हलतंय कोण? तुमचा हात हलतोय की समोरचा माणूस हलतोय? कारण लेन्समधलं स्टॅबिलायझेशन, त्याला कॅनन आयएस म्हणतं, निकॉन व्हीआर, टॅमरॉन व्हीसी, सिग्मा ओएस, ते फक्त तुमचा हात सावरतं, समोरच्या पैलवानाला ते थांबवू शकत नाही. कबड्डी-कुस्ती-बैलगाडा हेच ज्याला काढायचंय त्याला शटर नाहीतरी ५००-८०० च्या वरच ठेवावं लागतंय, तिथं स्टॅबिलायझेशन असून नसून सारखं. आणि नेमकं तेच नसलेल्या जुन्या लेन्स बाजारात बऱ्याच स्वस्तात मिळतात. उलट नाटक, गाण्याची बैठक, कीर्तन, लग्नातले लांबून टिपलेले चेहरे हे ज्याचं काम आहे, त्यानं स्टॅबिलायझेशनशिवाय घेऊच नये, कारण तिथं १/१०० नाहीतर १/१२५ वर काम करायचं असतं आणि २०० एमएमवर तो वेग हातात पेलत नाही.

खेळवाल्यांसाठी माझी पहिली पसंती कॅननची जुनी ७०-२०० २.८ एल, आयएस नसलेली. १९९५ सालची लेन्स आहे पण फोकस आजही झटक्यात घेते, वजन १३१० ग्रॅम, आणि ॲडॉप्टर लावला की कॅननच्या नव्या मिररलेस आर बॉडीवरही चालते. निकॉनवाल्यांसाठी ८०-२०० २.८ डी, लोखंडासारखी मजबूत, पण तिच्या आत मोटर नाही, फोकसची मोटर बॉडीत लागते. डी ३००० आणि डी ५००० च्या सिरीजमध्ये ती नसते, मग हातानं फोकस करत बसावं लागतं. डी ९०, डी ७००० सिरीज, डी ७५० यांच्यात असते. निकॉनची मिररलेस झेड बॉडी असेल तर ही लेन्स घेऊच नका, जुन्या लेन्स तिला जोडणाऱ्या एफटीझेड ॲडॉप्टरमध्ये मोटर नसते. हे विकणारा सांगेलच असं नाही, आपण विचारायचं.

नाटक-गाण्यावाल्यांसाठी, आणि ज्यांना दोन्ही करायचंय त्यांच्यासाठी, टॅमरॉनची ७०-२०० २.८ जी टू, म्हणजे दुसरी आवृत्ती. २०१७ ची आहे, दीड किलो, व्हीसी एकदम चांगलं आणि पूर्ण उघडी ठेवूनही चेहरा कुरकुरीत येतो. आता सेकंडहँडमध्ये ही बऱ्यापैकी दिसायला लागलीय. निकॉन माउंटची, म्हणजे निकॉन बॉडीला बसणारी, घेताना मात्र बघा, तिचं ॲपर्चर इलेक्ट्रॉनिक आहे, डी ९० किंवा डी २०० सारख्या जुन्या बॉडीवर ते बारीक होत नाही. सिग्माची २०१८ ची स्पोर्ट्स पण उत्तम, अडचण एवढीच की १८०५ ग्रॅम आहे, मोनोपॉड, म्हणजे एका पायाचा स्टँड, नसेल तर तीन अंकी नाटक संपेपर्यंत खांदा बोलायला लागतो. सोनीवाले नशीबवान, त्यांना टॅमरॉनची ७०-१८० मिळते, आठशे ग्रॅमच्या आसपास. २०२० ची पहिली आवृत्ती आहे तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही, ए ७ मार्क २ पासून पुढं बॉडीतच ते असल्यानं चालून जातं, पण ए ६४०० सारख्या बॉडीत ते नाही, त्यांनी २०२३ ची जी टू बघावी.

फिल्मच्या काळातल्या सिग्मा लेन्स कॅननसाठी फार स्वस्तात दिसतात, त्यांच्यापासून लांब राहा, डिजिटल बॉडीवर ॲपर्चर बारीक करायला गेलं की एरर येतो.

सेकंडहँड बघायला जाताना स्वतःची बॉडी, एक जोरदार टॉर्च आणि एक वर्तमानपत्र घेऊन जायचं. आमच्या ओळखीचे मिरजेचे एक काका, आयुष्यभर स्टुडिओ चालवला, त्यांनी मला लेन्स बघायला शिकवलं ते असं: दोन्ही झाकणं काढायची, ॲपर्चर पूर्ण उघडं ठेवायचं, टॉर्च मागच्या बाजूनं थोडा तिरका मारायचा आणि पुढून आत बघायचं. सरळ मारला तर काहीच दिसत नाही, तिरकाच पाहिजे. धुळीचे कण दिसतील, ते सोडून द्या, धुळीनं फोटोला काही होत नाही. बघायचे ते काचेच्या कडेपासून आत सरकणारे कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक धागे. ती बुरशी, फंगस. "धागा दिसला की झाकण लावायचं आणि चहा पिऊन निघायचं, भाव विचारायचा नाय," असं काका म्हणायचे, आणि ते शंभर टक्के बरोबर आहे, कारण साफ करून घेतली तरी बुरशीनं काचेवरचं कोटिंग खाल्लेलं असेल तर ते परत येत नाही. आपल्याकडं कृष्णाकाठी तर हे जास्तच बघायला पाहिजे. २००५, २०१९, २०२१, एवढे महापूर या भागानं बघितलेत, त्यामुळं माउंटचे बारके स्क्रू टॉर्चनं बघा, गंज दिसला तर लेन्सनं पाणी बघितलंय असं समजा, वरून कितीही चकाचक पुसलेली असू दे.

मग वर्तमानपत्र भिंतीला चिकटवायचं, समोर सरळ उभं राहून २०० ला आणि ७० ला २.८ वर फोटो काढायचे आणि चारही कोपरे झूम करून बघायचे. जुनी लेन्स कोपऱ्यात थोडी मऊ असतेच, पण एकच बाजू धुरकट आणि दुसरी कडक असेल तर आतली काच हललेली आहे, पडलेली लेन्स असणार. फोकस जवळ-लांब जवळ-लांब करून कान लावून ऐका, मोटर अडखळली, किरकिरली तर नको, ती बदलायचा खर्च परवडत नाही आणि जुन्या लेन्सचा पार्टच मिळत नाही. ट्रायपॉडचं कॉलर, म्हणजे लेन्सला बसणारं स्टँडचं कडं, सोबत आहे का बघा, लोक ते हरवतात आणि नंतर वेगळं घ्यायला पैसे पडतात. फोकस सगळीकडं सारखाच थोडा पुढं नाहीतर मागं पडत असेल तर घाबरू नका, मधल्या वर्गाच्या बॉडीत ते जुळवता येतं, आणि टॅमरॉन जी टूला टॅप-इन कन्सोल हे संगणकाला जोडायचं छोटं उपकरण लावून लेन्समध्येच जुळवता येतं.

आता वापराचं, आणि हा भाग माझ्या जिवाभावाचा आहे. कुंडलसारख्या कुस्तीच्या मैदानात मातीच्या हौद्याच्या कडेला बसायला मिळालं तर क्रॉप बॉडीवर ७० सुद्धा जवळ पडतं, कॅननच्या क्रॉप बॉडीवर ते ११२ एमएमसारखं दिसतं ना, त्यामुळं थोडं मागं, प्रेक्षकांच्या पहिल्या रांगेच्या उंचीला, गुडघ्यावर बसायचं. फोकस सर्व्होवर, म्हणजे हलणाऱ्या माणसामागं सतत फिरणारा, फोकसचं काम मागच्या बटणाला दिलेलं, लेन्सवर लिमिटरचं, म्हणजे फोकस किती जवळपर्यंत शोधायचा ते ठरवणारं, बटण असेल तर ते लांबच्या बाजूला, म्हणजे मध्ये पंचाचा हात आला तरी लेन्स जवळ पळत नाही. शटर १/८००, ॲपर्चर २.८, आयएसओ ऑटो. आणि बघायचं काय, तर हात नाही, कंबर. ढाक असो नाहीतर घिस्सा असो, डाव सुटायच्या आधी पैलवानाची कंबर खाली बसते, खांदा आत जातो, हलगीचा ठेका त्याच वेळी चढलेला असतो, तिथं बटण दाबलं की पाठीला माती लागायच्या आधीचा तो क्षण मिळतो. पाठ टेकल्यावर दाबलं तर नुसता ढीग दिसतो. अंधार पडत जातो तसं मी १/५०० पर्यंत खाली येतो पण त्याखाली नाही, थोडा कण चालेल, हललेला चेहरा नको.

हॅलोजन आणि एलईडीखाली एक भानगड असते. आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळं असे बरेच दिवे सेकंदाला शंभर वेळा कमीजास्त होतात, डोळ्याला कळत नाही पण १/८०० ला एक फोटो उजळ, पुढचा पिवळट, तिसरा अर्धा काळा येतो. बॉडीत अँटी-फ्लिकर असेल तर लावा, नसेल तर सलग चार-पाच फोटो काढा, त्यातला एक चांगल्या उजेडाचा निघतो. मिररलेसचं सायलेंट शटर अशा दिव्याखाली वापरू नका, आडवे पट्टे येतात.

नाटकाला सगळं उलटं. ज्या सांगलीत १८४३ साली विष्णुदास भाव्यांनी सीतास्वयंवर केलं तिथं नाटकवाल्यांना फोटोचं अप्रूप नाही, शिस्तीचं आहे, त्यामुळं आधी दिग्दर्शकाला विचारायचं, फ्लॅश कॅमेऱ्यातून बंद, स्क्रीनचा उजेड बंद, फोकसचा तांबडा दिवा बंद, आणि जमलं तर रंगीत तालमीलाच जायचं. कॅमेरा मॅन्युअलवर ठेवा, मागचा काळा पडदा बघून कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर फसतं आणि तोंड पांढरं फटक करून टाकतं. १/१६०, २.८, आयएसओ १६०० पासून सुरू करा, स्पॉट पडला की तोंड उडत नाही ना ते बघा, रंग पिवळट येऊ नयेत म्हणून व्हाइट बॅलन्स जुन्या पिवळ्या दिव्यांना ३२०० केल्विनला बांधून टाका. संवाद संपल्यावर नट एक क्षण थांबतो, बटण तिथं दाबायचं. शटरचा आवाज पण मग शांततेत टोचत नाही कारण बहुतेक वेळा तिथंच टाळी येते.

गाण्याच्या बैठकीत मात्र २.८ जपून वापरायला लागतं. पाच मीटरवरून २०० ला, क्रॉप बॉडीवर, फोकसमध्ये राहणारी जागा सात सेंटीमीटरच्या आसपास असते. म्हणजे गायकाचा जवळचा डोळा कडक धरला की कान मऊ होतो, आणि मागं तंबोऱ्यावर बसलेली शिष्या तर पूर्ण विरघळते. एकट्याचा चेहरा हवा तर ते फार सुंदर दिसतं, पण मिरजेत तंबोरा मऊ करून चालत नाही असं मला मनापासून वाटतं, ज्या गावानं देशभर तंबोरे पाठवले तिथं तो फोटोत नीट दिसला पाहिजे. मग मी ४ किंवा ५.६ वर जातो, झूम १०० पर्यंत मागं घेतो, स्टॅबिलायझेशनच्या भरवशावर १/८० ठेवतो आणि तान संपून गायक डोळे मिटतो तेवढ्यात काढतो.

खरंच पैसे जमत नसतील तर थांबू नका, ८५ एमएम १.८ घ्या, बऱ्याच कमी पैशात येते, २.८ पेक्षाही सव्वा स्टॉप जास्त उजेड देते आणि नाटकात पुढच्या रांगेतून झकास चालते. फक्त जागा बदलता येत नाही तिथं झूमची सोय आठवते.

वजनाचं म्हणाल तर २०० ला २.८ म्हणजे ७१ मिलिमीटरचं भोक, तेवढी काच लागणारच, दीड किलो होणारच. डावा तळवा लेन्सच्या खाली, कोपर छातीला, आणि चालताना बॉडीला धरून लोंबकळत ठेवू नका, लेन्सला धरा, माउंटवर ताण येतो. मोनोपॉड कॉलरला लावायचा, बॉडीला नाही. हूड कायम लावलेला, आणि स्टेजच्या दिव्यांसमोर यूव्ही फिल्टर काढून ठेवायचा, नाहीतर प्रत्येक दिव्याची हिरवट सावली फोटोत येते. पालीच्या खंडोबाला किंवा भंडारा-गुलाल उधळतात तिथं उलट, फिल्टर लावायचा आणि लेन्स अजिबात बदलायची नाही, तो भंडारा इतका बारीक असतो की झूमच्या रिंगमध्ये शिरला की घरी येऊन ब्रशनं झाडताना बोटं पिवळी होतात.

आणि जून ते सप्टेंबर लेन्स बॅगेत ठेवू नका. बॅग ओल धरते. हवाबंद डबा, आत सिलिका जेल, आणि एक स्वस्तातलं आर्द्रतामापक, काटा ४० ते ५० टक्क्यांत राहिला पाहिजे. जेलचा रंग बदलला की कढईत मंद आचेवर परतून परत वापरता येतं. आठवड्यातून एकदा तरी लेन्स बाहेर काढून दहावीस फोटो काढा, रिंगा फिरवा, काचेला उजेड लागू दे. पावसाळ्यात आमच्याकडं तालमीत सराव चालूच असतो, तिथं जाऊन बसलं तर वस्तादही नाही म्हणत नाहीत.