धसका ओसरल्यावरचं वर्ष : ताकोत्सुबोचा माझा अनुभव

अँजिओग्राफीत तिन्ही रक्तवाहिन्या मोकळ्या निघाल्या की घरचे सुटकेचा निःश्वास टाकतात. माझ्या वेळीही तेच झालं. ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढणारं प्रथिन) वाढलेलं, ईसीजी थेट हार्ट ॲटॅकसारखा, पण ब्लॉकेज कुठेच नाही. निदान ताकोत्सुबो, म्हणजे मनाच्या किंवा शरीराच्या मोठ्या धक्क्याने हृदयाचा स्नायू अचानक दुबळा पडणं. जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला गोल पोटाचं, अरुंद गळ्याचं मडकं वापरतात, त्यावरून १९९० साली तिथल्याच डॉक्टरांनी हे नाव दिलं. इकोच्या पडद्यावर ते मडकं मी पाहिलं. हृदयाच्या डाव्या कप्प्याचं टोक फुगून निपचित, आणि झडपांजवळचा भाग मात्र जोरजोरात आवळतोय. इजेक्शन फ्रॅक्शन, म्हणजे दर ठोक्याला कप्प्यातलं किती रक्त बाहेर फेकलं जातं तो आकडा, ३५ टक्के.

सहा आठवड्यांनी तोच आकडा ५८ आला. ‘नॉर्मल’ असा शेरा पडला. नेमका इथेच बहुतेकांचा फॉलोअप सुटतो, आणि तो सुटू नये म्हणूनच हे लिहिते आहे.

हा आजार आपोआप बरा होतो आणि पुढे काही नाही, ही जुनी समजूत. २०१५ साली १७५० रुग्णांची आंतरराष्ट्रीय नोंद प्रसिद्ध झाली. त्यात दहातल्या नऊ स्त्रिया, बहुतेक पाळी गेलेल्या. दवाखान्यातच सुमारे ४ टक्के दगावले. पुढच्या काळात मृत्यूचं प्रमाण वर्षाला ५.६ टक्के, आणि पुन्हा हाच झटका येण्याचं वर्षाला सुमारे १.८ टक्के. हे आकडे भीती घालायला नाहीत. यातले कितीतरी रुग्ण मुळात दुसऱ्या मोठ्या दुखण्याने खचलेले असतात. मनाच्या धक्क्याने आलेला ताकोत्सुबो पुढे तुलनेने बरा जातो; जंतुसंसर्ग, मोठं ऑपरेशन, दम्याचा तीव्र झटका किंवा मेंदूच्या आजारातून आलेला जास्त जड जातो. पुरुषांना कमी होतो, पण झाला तर जास्त त्रास देतो. म्हणून पहिला प्रश्न ‘कशामुळे?’ हा विचारायचा, आणि कारण सापडलं नाही तरी थायरॉइडची तपासणी करून घ्यायचीच. डोकेदुखी, घाम आणि बीपीचे झोके असतील, किंवा झटका दुसऱ्यांदा आला, तर मेटानेफ्रिनची, म्हणजे ॲड्रिनलिनसारख्या संप्रेरकांपासून बनणाऱ्या पदार्थांची, तपासणीही. मूत्रपिंडावरच्या ग्रंथीची गाठ अशीच लपलेली असते.

आता फाइल. डिस्चार्ज कार्डावर आधीचं ‘ॲक्यूट कोरोनरी सिंड्रोम’ (हार्ट ॲटॅकच्या गटातलं निदान) तसंच राहून जातं आणि ॲस्पिरिन-क्लोपिडोग्रेल ही रक्तवाहिनीत गुठळी होऊ न देणारी जोडी वर्षभर चालू राहते. स्टेंट नाही, रक्तवाहिन्या स्वच्छ आहेत, तर ही जोडी कशासाठी, हे स्पष्ट विचारावं; मात्र स्वतःहून बंद करू नये. फुगलेल्या टोकात रक्त साकळून गुठळी झाली असेल तर रक्त पातळ करण्याचं औषध वेगळं असतं. ते साधारण तीन महिने चालतं आणि इकोत गुठळी विरघळलेली पाहूनच थांबवतात.

मला रॅमिप्रिल दिलं. हे बीपी आणि हृदयावरचा भार कमी करणारं ‘एसीई इनहिबिटर’ गटातलं औषध. या गटातल्या औषधांवर असलेल्यांचं वर्षभरानंतरचं जगणं त्या नोंदीत सरस दिसलं. हृदयाचे ठोके मंदावणाऱ्या बीटा ब्लॉकरचा तसा फायदा दिसला नाही. रॅमिप्रिल सुरू केल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम पाहावं लागतं. कोरडा खोकला लागला तर सांगावं, त्याला पर्याय आहे. बीटा ब्लॉकर चालू असेल तर तो एकदम सोडू नये.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट म्हणजे क्यूटी : प्रत्येक ठोक्यानंतर हृदय विजेच्या दृष्टीने पूर्ववत व्हायला लागणारा, ईसीजीवर मोजला जाणारा वेळ. इको सुधारला तरी ईसीजीतल्या उलट्या टी लहरी आणि लांबलेला क्यूटी आठवडे, कधी महिने रेंगाळतो. क्यूटी ५०० मिलिसेकंदांच्या वर गेला की ठोक्यांची जीवघेणी गडबड होऊ शकते. त्या काळात अझिथ्रोमायसिन, सिप्रोफ्लॉक्सासिन, ऑन्डान्सेट्रॉन, डोम्पेरिडोन, एस्सिटालोप्रॅम यांपैकी काहीही घेण्याआधी हृदयाच्या डॉक्टरांना विचारायचं. यातली निम्मी औषधं आपल्याकडे मेडिकलवाला ताप-उलटीला सहज हातावर ठेवतो. सर्दीच्या गोळ्यांतलं फिनाइलेफ्रिनही टाळावं. दातांच्या डॉक्टरांना भूल देण्याआधीच आजाराचं नाव सांगावं, कारण त्या इंजेक्शनात बहुधा हृदयाला डिवचणारं ॲड्रिनलिन असतं.

आणि थकवा. इको नॉर्मल, तरी दुसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत धाप लागते, तेव्हा लोक म्हणतात ‘मनाचे खेळ’. तसं नाही. स्कॉटलंडमधल्या ॲबरडीनच्या संशोधकांनी २०१८ साली दाखवलं, की वर्ष उलटून गेल्यावरही अशा रुग्णांची व्यायामाची क्षमता कमी असते आणि हृदयाच्या स्नायूची ऊर्जा पुरती भरून आलेली नसते. इजेक्शन फ्रॅक्शन फक्त एकूण उपसा मोजतं; स्नायूचा ताण-आखूडपणा ‘स्ट्रेन’मध्ये कळतो. पुढच्या इकोला तो मोजायला सांगावं. चालण्याची सुरुवात सपाट रस्त्यावर दहा मिनिटांनी करावी, बोलता येईल इतक्याच वेगाने. चिंता-नैराश्याचा इलाज टाळू नये, फक्त गोळी निवडताना ईसीजी समोर हवा.

माझ्या फाइलच्या पहिल्याच पानावर मोठ्या अक्षरांत आता पाच ओळी आहेत : ताकोत्सुबो, तारीख, अँजिओग्राफी स्वच्छ, शेवटचा क्यूटी, चालू औषधं. त्याच पानाला झटक्याच्या दिवशीचा आणि सुधारल्यानंतरचा ईसीजी जोडला आहे. छातीत पुन्हा दुखलं तर हे पान घेऊन थेट कॅज्युअल्टी गाठायची. कारण पुन्हा ताकोत्सुबोच आहे की या वेळी खरंच रक्तवाहिनी बंद झाली, हे घरी बसून कुणालाच कळत नाही.