हा आकडा कुठून आला? : इंटर्नशिपच्या दिवसांतल्या नोंदी

सोमवार

फायनान्समधली उन्हाळी इंटर्नशिप म्हटलं की सौदे आणि मोठ्या बैठका डोळ्यांसमोर येतात. हातात पडतं ते वार्षिक अहवालांचं बाड आणि रिकामी एक्सेल शीट. पाच वर्षांचे आकडे ठरलेल्या साच्यात उतरवायचे, याला इथे सगळे ‘स्प्रेडिंग’ म्हणतात. काम हमालीचं आहे यात शंका नाही. पण पुढचं सगळं मॉडेल (कंपनीच्या पुढच्या वर्षांचा अंदाज मांडणारी शीट) याच आकड्यांवर उभं राहतं, आणि तपासणारे वरिष्ठ कुठल्याही सेलवर बोट ठेवून एकच विचारतात: हा आकडा कुठून आला?

सुरुवात सर्वांत ताज्या अहवालापासून करायची आणि मागे जायचं. प्रत्येक अहवालात चालू आणि मागचं अशी दोन वर्षं असतात. मागच्या वर्षाचा आकडा नव्या अहवालात बदललेला दिसला, तर कंपनीने तो ‘रीस्टेट’ केलेला असतो: एखादा विभाग विकला, हिशेबाचं धोरण बदललं किंवा जुनी चूक दुरुस्त केली. तेव्हा नवा आकडा घ्यायचा आणि कारण शेजारी लिहायचं. जुन्या-नव्याची सरमिसळ झाली की वाढीचा दर खोटा निघतो, आणि तो खोटा आहे हे शीटकडे बघून कळत नाही.

प्रत्येक ओळीशेजारी एक रकाना फक्त स्रोतासाठी: अहवालाचं वर्ष, पान, टीप क्रमांक. एकक शीटच्या डोक्यावर लिहायचं, कारण एक कंपनी हजारांत लिहिते, दुसरी दशलक्षांत. खर्च उणे लिहायचे की अधिक, हे पहिल्याच दिवशी विचारून घ्यायचं. दोन्ही पद्धती चालतात, मिसळलेली चालत नाही. आणि प्रत्येक बेरजेखाली तपासणीची ओळ: अहवालातली बेरीज वजा आपल्या फॉर्म्युल्याची बेरीज. ती शून्य हवी. आकडे पूर्णांकात आणल्यामुळे १ चा फरक पडू शकतो, त्याहून मोठा असेल तर शोधल्याशिवाय पुढे जायचं नाही.

मंगळवार

इबिटडा, म्हणजे व्याज, कर आणि घसारा (अमूर्त मालमत्तेचाही) वजा करण्याआधीचा नफा. सगळे सहज बोलतात, पण नफा-तोटा पत्रकात तो बहुतेकदा सापडतच नाही. खर्च कार्यानुसार मांडले असतील (विक्रीचा खर्च, वितरण, प्रशासन) तर घसारा त्या सगळ्यांत विखुरलेला असतो. तो रोखप्रवाह विवरणातून किंवा टिपांमधून उचलून ऑपरेटिंग नफ्यात परत मिळवायचा. कंपनीने स्वतः दिलेला ‘अ‍ॅडजस्टेड’ इबिटडा आयता उचलायचा नाही. त्यात काय काय वगळलंय ते आधी बघायचं. ‘एकदाच होणारा’ पुनर्रचना खर्च ओळीने चार वर्षं दिसत असेल तर तो एकदाच होणारा नाही, एवढं तरी कळायला हवं.

आणखी एक सापळा भाडेपट्ट्यांचा. आयएफआरएस १६ हे भाडेपट्ट्यांच्या हिशेबाचं आंतरराष्ट्रीय मानक १ जानेवारी २०१९ पासून लागू झालं. त्यानंतर बहुतेक भाडी इबिटडाच्या वरून निघून घसारा आणि व्याज या रूपात खाली गेली. दुकानं किंवा विमानं भाड्याने घेणाऱ्या कंपनीचा इबिटडा २०१९ मध्ये एकदम उडी मारताना दिसतो, धंदा तसूभरही बदललेला नसतो. अमेरिकी मानकांत ऑपरेटिंग लीजचं (साध्या भाडेपट्ट्याचं) भाडं अजूनही ऑपरेटिंग खर्चातच राहतं. म्हणजे दोन्ही पद्धतींच्या कंपन्या एका तक्त्यात शेजारी ठेवायच्या तर आधी त्या एका पातळीवर आणाव्या लागतात.

गुरुवार, उशिरा

ताळेबंद जुळत नाही, हे इंटर्नचं सर्वांत परिचित दुखणं. घाबरून इकडेतिकडे बदल करत सुटण्याऐवजी फरकाकडे नीट बघायचं, कारण फरकाच्या आकड्यातच बरंच काही सांगितलेलं असतं.

फरक पहिल्यांदा कुठल्या वर्षात आला ते आधी शोधायचं. तिथून पुढे प्रत्येक वर्षी तेवढाच राहिला तर चूक त्या एका वर्षातली. दरवर्षी बदलत गेला तर एखादी ओळ कायमची सुटलेली किंवा उलटी जोडलेली आहे. मग फरक जसाच्या तसा एखाद्या ओळीशी जुळतो का ते बघायचं. जुळला तर ती ओळ राहून गेली. नाही जुळला तर निम्मा करायचा. फरक ८० आहे आणि येणी (ग्राहकांकडून यायचे पैसे) ४० ने वाढली आहेत, म्हणजे रोखप्रवाहात ते ४० वजा होण्याऐवजी अधिक झाले. फरकाला ९ ने भाग जात असेल तर अंकांची अदलाबदल झाली असावी: ७३ ऐवजी ३७ टाईप झालं की फरक ३६ येतो. ही युक्ती संगणकापूर्वीच्या वहीखात्यांची आहे आणि अजूनही चालते.

खेळत्या भांडवलाची चिन्हं हा चुकांचा खरा अड्डा. येणी वाढली, मालसाठा वाढला, तर रोख कमी. देणी वाढली तर रोख जास्त. तिन्ही पत्रकं (नफा-तोटा, रोखप्रवाह, ताळेबंद) नीट जोडली गेली आहेत का हे पाहायला एक छोटी चाचणी पुरते. करदर २५ टक्के धरून घसारा १० ने वाढवायचा. करपूर्व नफा १० ने घटतो, कर २.५ ने घटतो, निव्वळ नफा ७.५ ने घटतो. रोखप्रवाहात घसाऱ्याचे १० परत मिळतात, म्हणून रोख २.५ ने वाढते. ताळेबंदात मालमत्ता १० ने कमी, रोख २.५ ने जास्त, एकूण ७.५ ने कमी. दुसऱ्या बाजूला राखीव नफा ७.५ ने कमी. मॉडेलने हेच दाखवलं पाहिजे. नाही दाखवलं तर कुठली तरी कडी तुटली आहे.

‘इतर मालमत्ता’ अशी ओळ घालून फरक गिळून टाकणं हा गुन्हाच समजावा. उद्या सकाळी सापडतं.

सोमवार

रंगांची शिस्त: हाताने टाकलेला आकडा निळा, फॉर्म्युला काळा, दुसऱ्या शीटवरून आलेला हिरवा. फॉर्म्युल्याच्या पोटात आकडा लिहायचा नाही. ‘गुणिले १.०५’ दिसलं की पाच टक्के कुणी ठरवले हा प्रश्न येतोच. एका ओळीत डावीकडून उजवीकडे एकच फॉर्म्युला हवा. लपलेले आकडे शोधायला एक्सेलच्या ‘गो टू स्पेशल’ मधलं ‘कॉन्स्टंट्स’ वापरायचं. अंदाजाच्या वर्षांत काही उजळलं की समजायचं, कुणीतरी वरून आकडा डकवला आहे.

व्याजाचं चक्रही इथेच भेटतं. व्याज सरासरी कर्जावर मोजलं तर व्याजावर नफा, नफ्यावर रोख, रोखीवर कर्जफेड आणि कर्जफेडीवर पुन्हा व्याज अवलंबून. एक्सेलमध्ये ‘इटरेटिव्ह कॅल्क्युलेशन’ चालू केलं की हे सुटतं, पण एकदा कुठे एरर शिरला की तो चक्रात अडकून राहतो आणि सगळी शीट भरते. त्यासाठी १ आणि ० चा एक स्विच ठेवतात: शून्य केलं की व्याज तात्पुरतं शून्य होतं, एरर धुऊन निघतो, मग परत १. सोपा मार्ग हवा असेल तर वर्षारंभीच्या कर्जावर व्याज मोजायचं. अचूकता थोडी जाते, रात्रीची झोप मिळते.

बुधवार

तुलनात्मक कंपन्यांचा तक्ता: सारख्या कंपन्यांवरून किंमत जोखायची. एंटरप्राइज व्हॅल्यू म्हणजे संपूर्ण धंद्याची किंमत: शेअरचं बाजारमूल्य, अधिक कर्ज, अधिक अल्पसंख्य भागधारकांचा वाटा, अधिक प्रेफरन्स शेअर, वजा रोख. शेअरची संख्या ‘डायल्यूटेड’ घ्यायची, म्हणजे ऑप्शन वापरले गेले तर होईल ती. १०० ऑप्शन (ठरलेल्या किमतीला शेअर घेण्याचे हक्क), वापराची किंमत ६०, बाजारभाव ८०: कंपनीकडे ६,००० येतील, त्यात ती बाजारातून ७५ शेअर परत घेऊ शकते, म्हणून वाढतात फक्त २५. बाजारभाव ६० च्या खाली असेल तर काहीच वाढत नाही.

वर्षअखेरी जुळवणं विसरलं जातं. एका कंपनीचं वर्ष डिसेंबरला संपतं, दुसरीचं मार्चला. २०२३ या कॅलेंडर वर्षासाठी दुसरीचे मार्च २०२३ ला संपलेल्या वर्षातले ३/१२ आणि मार्च २०२४ ला संपलेल्या वर्षातले ९/१२ घ्यायचे. मागच्या बारा महिन्यांचा आकडा हवा तर पूर्ण वर्ष, अधिक चालू वर्षाचे महिने, वजा मागच्या वर्षाचे तेच महिने. इबिटडा उणे असेल तर मल्टिपल (एंटरप्राइज व्हॅल्यू भागिले इबिटडा) छापायचाच नाही, आणि सरासरीपेक्षा मध्यक बरा, कारण एक विक्षिप्त कंपनी सरासरी कुठल्या कुठे नेते.

व्हीलुकअप या, दुसऱ्या तक्त्यातून आकडा शोधून आणणाऱ्या फॉर्म्युल्याचा शेवटचा भाग रिकामा सोडला तर एक्सेल अंदाजे जुळणी करतं आणि बिनबोभाट शेजारच्या कंपनीचा आकडा आणून ठेवतं. तिथे ‘फॉल्स’ लिहायलाच हवं.

शुक्रवार

डीसीएफबद्दल, म्हणजे भविष्यातल्या रोखीची आजची किंमत काढण्याच्या पद्धतीबद्दल, थोडंच. पुढच्या वर्षीची रोख १००, भांडवलाचा खर्च ९ टक्के, कायमची वाढ २ टक्के: टर्मिनल व्हॅल्यू (तिथून पुढच्या सगळ्या वर्षांची मिळून किंमत) सुमारे १,४२९. वाढ ३ टक्के केली की १,६६७. एका टक्क्याने किंमत साधारण सतरा टक्क्यांनी हलली. म्हणून एकच उत्तर देत नाहीत, सेन्सिटिव्हिटी टेबल देतात: गृहीतकं बदलली की उत्तर किती हलतं ते दाखवणारा तक्ता. आणि त्या टेबलाच्या मधल्या चौकटीतला आकडा मूळ उत्तराशी जुळतो का, हे पाठवण्याआधी बघतात.

मंगळवार

विद्यार्थ्याने मोठ्यांची शीट तपासावी का? २०१३ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेतला विद्यार्थी थॉमस हर्नडन अभ्यासक्रमाचा भाग म्हणून राइनहार्ट आणि रोगॉफ या अर्थतज्ज्ञांच्या, सरकारी कर्ज आणि आर्थिक वाढ यांवरच्या २०१० च्या प्रसिद्ध निबंधातले आकडे पुन्हा काढत होता. ते जमेनात. मूळ शीट मिळाल्यावर दिसलं की सरासरीच्या फॉर्म्युल्याची रेंज आधीच संपली होती आणि पाच देश बाहेर राहिले होते. काही वर्षं वगळणं आणि देशांना दिलेलं वजन हे आक्षेप त्याहून मोठे होते. सरकारी कर्ज जीडीपीच्या ९० टक्क्यांवर गेलेल्या देशांची सरासरी वाढ निबंधात उणे ०.१ टक्के होती, फेरमोजणीत २.२ टक्के आली. रेंजच्या कडा तपासायला पदवी लागत नाही.

लपवलेल्या ओळींचंही तसंच. २००८ मध्ये बार्कलेज बँकेने दिवाळखोर लेहमन ब्रदर्स बँकेची मालमत्ता घेताना करारांची यादी एक्सेलमध्ये होती. नको असलेले १७९ करार त्यात फक्त लपवलेले होते. फाइलची पीडीएफ होताना ते उघडे पडले आणि न्यायालयात दाखल झालेल्या यादीत जाऊन बसले. बाहेर जाणाऱ्या फाइलमध्ये लपवलेल्या ओळी, लपवलेल्या शीट आणि कॉमेंट राहता कामा नयेत. लपवायचं असेल ते काढूनच टाकायचं.

गुरुवार, शेवटचा आठवडा

हस्तांतराची फाइल: पहिल्या शीटवर आवृत्ती आणि तारीख, गृहीतकं कुठे आहेत, कुठले आकडे अजून पक्के नाहीत, कुठल्या वर्षाचा अहवाल यायचा बाकी आहे. फाइलच्या नावात ‘फायनल’ नको, तारीख आणि क्रमांक बरा. कामाची एकही फाइल स्वतःच्या ईमेलवर पाठवायची नाही, बाहेरच्या चॅटबॉटमध्येही चिकटवायची नाही. बहुतेक ठिकाणी ईमेलवर नजर असते, आणि नसली तरी माहिती ग्राहकाची आहे.

बायोडेटात ग्राहकाचं किंवा जाहीर न झालेल्या सौद्याचं नाव येऊ शकत नाही. ‘उत्पादन क्षेत्रातल्या कंपनीचं तीन पत्रकांचं मॉडेल, पाच वर्षांचा अंदाज’ एवढं लिहिता येतं. नेमकी शब्दरचना वरिष्ठांना आधीच दाखवून घ्यायची, आणि अभिप्रायाची बैठकही शेवटच्या दिवसाआधी मागायची. शेवटच्या दुपारी लॉगिन बंद होतं, कॅलेंडरसकट.