जपानी माणूस नक्की कोणत्या धर्माचा?

पुण्याला गेले की कोणी ना कोणी विचारतंच, "जपानी लोक बौद्धच ना? मग देवासमोर टाळ्या कसल्या वाजवतात?" तुम्हीही विचारलंत म्हणून सांगते.

टाळ्या शिंतो देवळात, म्हणजे जपानच्या स्वतःच्या जुन्या धर्माच्या देवळात. दोनदा वाकायचं, दोन टाळ्या, मागणं मागायचं, पुन्हा एकदा वाकायचं. बौद्ध मंदिरात नुसते हात जोडायचे. माणसं मात्र तीच! १ जानेवारीला तोक्योच्या मेइजी देवळात तासन्‌तास रांगेत उभी राहणार, लग्न पांढरा गाउन घालून चर्चसारख्या हॉलमध्ये लावणार आणि मेल्यावर मंत्र म्हणायला बौद्ध भिक्षू बोलावणार. वर विचारलंत तर म्हणतील, "आम्ही कुठला धर्मबिर्म मानत नाही." इकडे सरकारी आकडेवारीत सगळ्या पंथांच्या अनुयायांची बेरीज देशाच्या लोकसंख्येपेक्षा जास्त भरते. शिंतो देऊळ आपल्या हद्दीतली अख्खी वस्ती आपली धरतं आणि बौद्ध मंदिर त्यातलीच घराणी आपल्या वहीत मोजतं, म्हणून. ही वही तरी भक्तीतून कुठे आली? सतराव्या शतकात तोकुगावा राजवटीने ख्रिस्ती धर्मावर बंदी घातली. आपण ख्रिस्ती नाही हे दाखवायला प्रत्येक घराला एखाद्या बौद्ध मंदिरात नाव नोंदवावं लागलं. बऱ्याच घरांचे अंत्यविधी अजूनही त्याच मंदिराकडे आहेत.

मला विचाराल तर त्यांचा धर्म बघावा तो घरातल्या बुत्सुदानपाशी. लाकडी कपाट, आत बुद्ध आणि गेलेल्यांच्या नावाच्या पाट्या. शेजारच्या आजींना दिवाळीचे लाडू दिले, तर त्यांनी डबा आधी तिथे ठेवला, छोटी घंटा वाजवली आणि आजोबांना सांगितलं, "शेजारणीने दिलेत." मग आम्ही चहा घेतला. ऑगस्टच्या मध्यावर ओबोन हा पितरांचा सण येतो, तेव्हा याच आजी काकडीला काड्यांचे पाय लावून घोडा करतात आणि वांग्याची गाय. पितरांनी घोड्यावरून लवकर यावं, परत जाताना गाईवरून रमतगमत जावं. पितृपक्षात आपण इतके लाड करत नाही बुवा.

आणि हो, गणपती आहे! तोक्योत असाकुसाजवळ मात्सुचियामा शोदेन मंदिरात. मूर्ती दाखवत नाहीत आणि नैवेद्याला मुळा, पांढराशुभ्र, मनगटाएवढा. तो मंदिरातच विकत मिळतो. ७ जानेवारीला मुळा शिजवून, वर मिसो (सोयाबीन आंबवून केलेली खारट चटणी) घालून प्रसाद म्हणून वाटतात. मोदकाची सर नाही त्याला, पण गरम असतो आणि जानेवारीत तोक्योला थंडी मरणाची.