बंद पडलेली बोट ओढायची कुणी?

अमेरिकेत सुट्टीच्या दिवशी फिरायला नेलेल्या बोटीचं इंजिन बंद पडलं की लोक कोस्ट गार्डला, म्हणजे तटरक्षक दलाला, बोलावतात, आणि ते ओढायला आले नाहीत की संतापतात. मला कोस्ट गार्डचं पटतं. 1982 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, त्यांना खासगी टोइंगवाल्यांशी (पैसे घेऊन बोटी ओढणाऱ्यांशी) स्पर्धा टाळायला सांगितलं, तेव्हापासून जीव धोक्यात नसेल तर ओढायचं काम आधी खासगी बोटीकडे जातं.

हिशेब करून बघा. 15 सागरी मैल, 5 नॉटच्या (तासाला 5 सागरी मैल) वेगाने ओढत न्यायचं म्हणजे तीन तास. तेवढा वेळ बचाव बोट एका पेट्रोल संपलेल्या बोटीला बांधलेली. मध्येच कुणी बुडत असल्याची हाक आली, तर दोर सोडून तुम्हाला तिथेच ठेवावं लागतं.

बोटीच्या रेडिओवर चॅनल 16 वर, म्हणजे संकटात हाक मारायच्या चॅनलवर, बोललात की जागा, माणसं किती, लाइफ जॅकेट घातलीत का, बोटीत पाणी शिरतंय का, हे विचारतात. धोका नसेल आणि तुमचा ठरलेला टोइंगवाला नसेल, तर आसपासच्या बोटींसाठी मदतीची विनंती प्रसारित करतात. साधारण दहा मिनिटांत कुणी पुढे आलं नाही, तर स्वतःची बोट पाठवू शकतात.

पण ‘धोका नाही’ हे एकदा ठरवून भागत नाही. वारा खडकांकडे वळला की तीच बोट संकटात. म्हणून इंजिन बंद पडल्याबरोबर आधी नांगर टाका. पाणी 10 फूट आणि बोटीची पुढची कड पाण्यावर 4 फूट असेल, तर 14 च्या सातपट, म्हणजे जवळजवळ 100 फूट दोर सोडा. कमी सोडला तर ओढ वरच्या दिशेने बसते आणि नांगर तळातून उपटतो. नांगर घसरतोय असं दिसलं तर लगेच पुन्हा कळवा, टोइंगवाला निघालेला असला तरी.

टोइंगवाल्याचा दोर हातात घेण्याआधी त्याला एकच प्रश्न विचारा: हे टोइंग की सॅल्व्हेज, म्हणजे धोक्यातली बोट वाचवल्याचा मोबदला मागायचं काम? बोट वाळूत रुतली असेल किंवा पाणी भरत असेल, तर सॅल्व्हेजचा दावा होऊ शकतो. त्याची रक्कम ठरवताना बोटीची किंमतही बघतात, आणि तो टोइंगच्या वार्षिक सदस्यत्वात सहसा बसत नाही.

दोर बोटीच्या पुढच्या टोकावरच्या कडीला बांधा, नाहीतर दोन्ही बाजूंच्या क्लीटना (दोर गुंडाळायच्या खुंट्यांना) वाटून. क्लीटखाली आतून मजबूत पट्टी नसेल तर बोल्ट उपसून निघतात, आणि ताणलेला नायलॉनचा दोर ती उपटलेली क्लीट गोळीसारखी मागे फेकतो. दोराच्या रेषेत कुणालाही उभं राहू देऊ नका. गरज पडली तर दोर कापायला सुरी हाताशी असू द्या.