८८ क्रेडिट्स आणि पतसंस्थेतले १२० तास

एमएस्सी गणिताला प्रवेश घेतला तेव्हा मला धास्ती होती टोपॉलॉजीची. नव्या शैक्षणिक धोरणानुसार दोन वर्षं, चार सेमिस्टर, दर सेमिस्टरला २२ अशी ८८ क्रेडिट्स. पहिल्या वर्षाच्या ४४ वर थांबलं तर पीजी डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. रिअल ॲनालिसिसच्या पहिल्या इंटर्नलनंतर हा पर्याय मी फार मनापासून वाचला होता.

टोपॉलॉजी निघाली. मेझर थिअरीनं घाम काढला, पण तीही निघाली. अडलं ते चार क्रेडिट्सपाशी. दुसऱ्या सेमिस्टरला ओजेटी (ऑन-जॉब ट्रेनिंग), म्हणजे प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी १२० तास. केमिस्ट्रीची पोरं एमआयडीसीत गेली. गणितवाल्यानं जायचं कुठे? वर्गातल्या निम्म्या जणांनी क्लासेसमध्ये शिकवायला सुरुवात केली. मला काकांच्या ओळखीनं तालुक्याच्या एका पतसंस्थेत जागा मिळाली.

पहिला आठवडा व्हाउचर लावण्यात आणि चहा आणण्यात गेला. दुसऱ्या आठवड्यात एक गृहस्थ काउंटरवर आले आणि वैतागून म्हणाले, "बाहेर बारा टक्क्यांनी मिळतंय, तुम्ही चौदा लावता!" त्यांच्या हातातला बाहेरचा कागद मी मागून घेतला. एक लाख, बारा महिने, हप्ता ९,३३३. पतसंस्थेचा हप्ता ८,९७९. दर जास्त आणि हप्ता कमी, हे कसं? बाहेरचे बारा टक्के 'फ्लॅट' होते. मुद्दल महिन्यागणिक फिटत गेली तरी व्याज वर्षभर पूर्ण लाखावर, म्हणजे १२,००० रुपये. आमचे चौदा घटत्या शिलकीवर, व्याज साधारण ७,७४५.

मॅनेजर साहेबांनी विचारलं, "मग त्यांचा खरा दर किती, ते सांग की." कागद घेऊन बसलो. दर माहीत असेल तर हप्ता सूत्रानं निघतो. हप्त्यावरून दर काढायचा तर बाराव्या घाताचं समीकरण उभं राहतं. शेवटी अंदाज घेत, सुधारत, जेवणाच्या सुट्टीपर्यंत उत्तर आलं: साडेएकवीस टक्क्यांच्या जवळ.

तिसऱ्या सेमिस्टरला फील्ड थिअरीत आबेल या गणितज्ञाचा १८२४ चा निकाल आला: पाचव्या घातापासून पुढे वर्गमूळ, घनमूळ अशी मुळं काढून उत्तर देणारं सर्वसाधारण सूत्र अस्तित्वातच नाही. वर्ग पेंगत होता. मला पतसंस्थेचं टेबल दिसत होतं. रिसर्च प्रोजेक्टचा विषय तिथेच ठरला: अंदाज सुधारत समीकरणाचं उत्तर गाठणं. तिसऱ्या सेमिस्टरची चार आणि चौथ्याची सहा, अशी दहा क्रेडिट्स त्याला असतात. मॅडम आधी म्हणाल्या, "अंदाज सुधारत जायची न्यूटन-राफसन पद्धत बीएस्सीला होऊन गेली, त्यात नवीन काय?" मग त्यांनीच वाट दाखवली. पद्धत उत्तराकडे जाईलच याची हमी कधी देता येते, याचं बानाख अवकाशातलं, म्हणजे फंक्शनल ॲनालिसिसमधल्या व्यापक चौकटीतलं उत्तर गणितज्ञ कान्तोरोविच यांनी दिलं आहे. ते प्रमेय समजून घ्यायला मला दिवाळीपासून संक्रांत लागली. फंक्शनल ॲनालिसिसचा पेपर मात्र त्यामुळे सोपा गेला.

चौथ्या सेमिस्टरनंतर पोर्टलवर क्रेडिट्स दिसली ८४. ओजेटीची चार गायब. परीक्षा विभागाच्या तीन खिडक्या फिरल्यावर कळलं, प्रमाणपत्रावर सही-शिक्का आहे, पण एकूण तास लिहिलेले नाहीत. (पाठीमागच्यांनो, हजेरीची झेरॉक्सही जपून ठेवा.) पुन्हा एसटीनं पतसंस्थेत. साहेबांनी नवीन लेटरहेडवर '१२० तास' अक्षरी आणि अंकी लिहिलं, शिक्का मारला, कागद माझ्या हातात देता देता थांबले. ड्रॉवर उघडून गाडीच्या शोरूमचं एक कोटेशन काढलं.

"पुतण्यानं बाइक घ्यायचं काढलंय. जाण्याआधी एवढा दर काढून दे."