महागड्या नॉर्वेतलं सर्वांसाठी खुलं: ओस्लो ते बर्गेन

नॉर्वेला जायचं ठरलं की ओळखीतले सगळे आधी एकच गोष्ट सांगतात, "फार महाग आहे हं!" ते खरंच आहे. ओस्लोत साध्या कॉफीला चारशेच्या वर रुपये जातात आणि हॉटेलात बसून एकवेळचं जेवण माणशी दोन हजारांच्या खाली सहसा होत नाही. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत या देशाने प्रवाशांना दाखवण्यासारखं जे नवं बांधलं आहे, त्यातलं सगळ्यात सुंदर ते बहुतेक तिकिटाशिवाय बघता येतं. ऑपेराचं छप्पर, बंदरावरचं वाचनालय, खोल फ्योर्डवर (डोंगरांत आत शिरलेल्या समुद्राच्या चिंचोळ्या फाट्यावर) काढलेला सज्जा, धबधब्यावरचा पूल, डोंगराच्या पोटातली सायकलवाट. आम्ही जूनमध्ये सासूबाई आणि शाळकरी मुलासह ओस्लोहून बर्गेनला गेलो, तेव्हा सहलीचा कणा या खुल्या जागांचा ठेवला आणि तिकिटाचे पैसे मोजक्या दोन-तीन गोष्टींवर खर्च केले. तुम्हीही तसंच करा, असं मनापासून सांगेन.

सुरुवात ओस्लोच्या ब्योर्विका भागापासून करावी. मुख्य रेल्वेस्थानकातून बाहेर पडून पाच-सात मिनिटं चाललं की पाणीच लागतं. आज तिथे फिरताना पटत नाही, पण काही वर्षांपूर्वीपर्यंत हे कंटेनरचं बंदर होतं आणि शहर व समुद्र यांच्या मधून महामार्ग जात होता. तो महामार्ग फ्योर्डच्या तळाशी टाकलेल्या बोगद्यात नेला. बोगदा 2010 मध्ये सुरू झाला आणि पाण्याचा काठ लोकांना परत मिळाला. 2008 मध्ये उघडलेलं ऑपेरा हाऊस त्याच्या आधीचं. त्याचं पांढऱ्या संगमरवराचं छप्पर थेट पाण्यापासून वर चढत जातं, आणि त्यावर कुणीही, कधीही चालत जावं. आम्ही रात्री दहाला वर होतो. लख्ख उजेड, मुलं धावतायत, आजीआजोबा पायऱ्यांवर बसलेत. दुपारी गेलात तर गॉगल हवाच, कारण संगमरवरावरून येणारी तिरीप डोळ्यांना सोसत नाही. पावसात मात्र वर चढू नका, दगड निसरडा होतो. मध्येच उंचवटेही आहेत, त्यामुळे गुडघे दुखणाऱ्यांनी काठाकाठाने सावकाश चढावं.

ऑपेराच्या समोरच डाइकमान हे सार्वजनिक वाचनालय आहे. संस्था अठराव्या शतकातली, ही इमारत 2020 ची. मला अख्ख्या ओस्लोत सगळ्यात जास्त आवडलेली जागा हीच. आत जायला ना कार्ड लागतं, ना तिकीट. खालपासून वरपर्यंत उजेड झिरपत येतो. पुस्तकांबरोबर शिवणयंत्रं आहेत, थ्रीडी प्रिंटर आहेत, वाद्यं वाजवायला खोल्या आहेत, छोटं चित्रपटगृह आहे. नुकतेच या देशात आलेले लोक भाषेचा अभ्यास करत बसलेले असतात, आणि शेजारी एखादं तान्हं बाळ रांगत असतं. सगळ्यात वरच्या मजल्यावर एक लहानशी लाकडी खोली आहे, तिथे चपला-बूट काढून जायचं. 2014 मध्ये ओस्लोजवळच्या जंगलात एक हजार रोपं लावली गेली. 2114 पर्यंत दरवर्षी एक लेखक एक हस्तलिखित देणार, ते कुणीही न वाचता या खोलीत राहणार, आणि शेवटी त्या झाडांच्या कागदावर ती सगळी पुस्तकं छापली जाणार. रोपांसाठी जागा करताना जी झाडं तोडली, त्यांच्याच लाकडाची ही खोली आहे. भिंतीतल्या काचेच्या खणांवर लेखकांची नावं आहेत. माझ्या मुलालासुद्धा ही पुस्तकं वाचायला मिळायची नाहीत कदाचित, पण त्याच्या नातवंडांना मिळतील, हे त्याला सांगताना मला भरून आलं. पावसाळी दिवस याच इमारतीसाठी राखून ठेवा.

तिकिटाची दोन ठिकाणं म्हणजे मुंक आणि नॅशनल म्युझियम. एडवर्ड मुंक यांनी आपली चित्रं मृत्युपत्राने ओस्लो शहराला दिली. ती 2021 पासून ब्योर्विकातल्या तेरा मजली नव्या इमारतीत आहेत. 'द स्क्रीम'च्या इथल्या आवृत्त्या नाजूक आहेत, प्रकाशाने खराब होऊ नयेत म्हणून आळीपाळीने एकेक उघडतात आणि बाकीच्या अंधारात ठेवतात. म्हणजे तुम्ही गेल्यावर कुठली दिसेल ते वेळेवर ठरतं. 1893 चं प्रसिद्ध रंगीत चित्र मात्र इथे नाही, ते नॅशनल म्युझियममध्ये आहे. अनेक जण मुंकमध्ये ते शोधत बसतात, म्हणून आवर्जून सांगते. नॅशनल म्युझियम जून 2022 मध्ये टाउन हॉलजवळ उघडलं आणि ते उत्तर युरोपातल्या मोठ्या कलासंग्रहालयांपैकी आहे. सुमारे साडेसहा हजार वस्तू मांडलेल्या आहेत, एका दिवसात सगळं बघायचा हट्ट धरू नये. एकच निवडायचं असेल तर मी नॅशनल म्युझियम निवडेन. दोन्ही संग्रहालयं, बस-ट्राम आणि अजून एखादं ठिकाण एका दिवसात बसवणार असाल तर ओस्लो पास परवडतो, नुसतं काठाने हिंडणार असाल तर त्याची गरज नाही.

संध्याकाळी सोरेंगाला जा. तिथे समुद्रातच पोहण्याचा तलाव आखलेला आहे, उडी मारायला फळ्या आहेत, प्रवेश मोफत. ऑपेराजवळ तरंगत्या सौना आहेत, त्यांना पैसे पडतात आणि जागा आधी ऑनलाइन घ्यावी लागते. कढत लाकडी खोलीतून बाहेर येऊन थेट फ्योर्डच्या गार पाण्यात उतरायचं. माझ्या नवऱ्याने ते केलं आणि नंतर दोन दिवस तो तेच सांगत होता. रक्तदाब किंवा हृदयाचा त्रास असलेल्यांनी हा मोह टाळावा.

आता पोटाचं. विमानतळावरून शहरात येताना फ्लायटोगेट ही खास गाडी जवळपास वीस मिनिटं घेते, आणि 'वी' (Vy) या रेल्वे कंपनीची साधी गाडी त्याहून चार-पाच मिनिटंच जास्त घेऊन साधारण निम्म्या पैशात आणते. हे वाचलेले पैसे जेवणाला वापरा. रेमा 1000, किवी, एक्स्ट्रा या किराणा दुकानांतून ब्रेड, दही, फळं, लोंपे ही बटाट्याची मऊ, पातळ पोळी आणि तपकिरी गोडसर ब्रुनोस्ट चीज घ्यायचं, डबा बांधायचा आणि बाहेर पडायचं. इथले लोकही तेच करतात. कामावर, डोंगरावर, सगळीकडे घरचा डबा घेऊन जातात, त्यामुळे बाकावर बसून खाताना अवघडल्यासारखं होत नाही. रविवारी मोठी दुकानं बंद असतात, खरेदी शनिवारीच उरका. नळाचं पाणी बिनधास्त प्या. ओस्लोच्या ग्रोनलांड भागात डाळी, मसाले, कोथिंबीर, हिरव्या मिरच्या सगळं मिळतं. स्वयंपाकघर असलेली खोली घेतलीत तर शाकाहारी माणसाचे हाल होत नाहीत. घरून मेतकूट, भाजणी, चटण्या न्या. पण तूप, पेढे, खवा, दूध पावडर आणि मांसाचे पदार्थ नेऊ नका. युरोपबाहेरून असे पदार्थ आणायला नॉर्वेत बंदी आहे.

ओस्लो ते बर्गेन ही रेल्वे 1909 पासून चालते. साडेसहा-सात तासांच्या या प्रवासात झाडं हळूहळू खुजी होतात आणि मग संपतात. 1222 मीटरवरच्या फिन्से स्थानकावर आम्ही जूनमध्ये बर्फात उतरलो. तिथे गाडीरस्ता पोचतच नाही, रेल्वे हाच मार्ग. बर्गेनकडे जाताना डावीकडची खिडकी मागा, हार्डांगर हिमनदी त्या बाजूला दिसते. तिकिटं जितकी आधी काढाल तितकी स्वस्त. एन्तूर (Entur) या ॲपवर सगळ्या देशातल्या रेल्वे, बस, बोटी एकत्र शोधता येतात, ते फोनवर घेऊनच निघा.

म्यूरदालला उतरून फ्लोमची गाडी घ्यायची. वीस किलोमीटरांत ही गाडी साडेआठशेहून अधिक मीटर खाली येते, वीस बोगदे लागतात, त्यातले अठरा हाताने खोदलेले. या तिकिटाला पैसे भरपूर पडतात आणि उन्हाळ्यात गर्दीही असते. तब्येत धडधाकट असेल तर अर्ध्या वाटेवरच्या बेरेकवाम स्थानकावर उतरून उरलेली दरी चालत किंवा सायकलने उतरावी. उतार सौम्य आहे, नदी सोबत असते आणि गाडीच्या काचेतून जे भर्रकन निघून जातं ते नीट बघायला मिळतं.

फ्लोम हे गाव टीचभर आहे आणि मोठं क्रूझ जहाज लागलं की ते पार बुजून जातं. मुक्काम जवळच्या ऑर्लांडला केलात तर शांतता मिळते. तिथून वर साडेसहाशे मीटर उंचीवर स्टेगास्टाइनचा सज्जा आहे. लाकूड आणि पोलादाचा हा सज्जा डोंगरापासून तीस मीटर बाहेर काढलाय. टोकाला फक्त काच आहे, तिच्या पुढे जमीन नाही, खाली फ्योर्ड. मोफत. फ्लोमहून बस जाते. रस्ता अरुंद आणि नागमोडी आहे, मोठ्या गाड्या समोरासमोर आल्या की मागे घ्याव्या लागतात, म्हणून स्वतः गाडी नेण्यापेक्षा बस बरी. सकाळी आठच्या आत किंवा संध्याकाळी सातनंतर गेलं तर सज्जा जवळपास तुमचाच.

खर्च करायचाच तर इथल्या इलेक्ट्रिक बोटीवर करा. फ्लोम ते गुडवांगेन ही साधारण दोन तासांची सफर आहे, आणि शेवटचा भाग नॅरॉयफ्योर्डचा. 2005 पासून हा फ्योर्ड जागतिक वारसा आहे, आणि एके ठिकाणी तो जेमतेम अडीचशे मीटर रुंद उरतो. 2018 मध्ये आलेली 'फ्यूचर ऑफ द फ्योर्ड्स' पूर्णपणे बॅटरीवर चालते. इंजिनाची घरघर नाही, धूर नाही. कड्यांवरून पडणाऱ्या पाण्याचा आवाज डेकवर स्पष्ट येतो, वरच्या शेतातल्या शेळ्यांच्या घंटासुद्धा. बोटीच्या बाहेरच्या बाजूने डोंगरवाटेसारखा उताराचा मार्ग खालून वर गुंडाळत नेलाय, त्यामुळे कठड्याला जागा मिळवायला कुणाला ढकलावं लागत नाही. सासूबाई दोन तास एका जागी उभ्या राहिल्या, खुर्ची नकोच म्हणाल्या. या वारसा फ्योर्डांत धूर सोडणाऱ्या जहाजांवर टप्प्याटप्प्याने बंदी येते आहे, 2026 पासून लहान प्रवासी जहाजांना आणि 2032 पासून मोठ्यांना. डिझेल बोटीवर हाच फ्योर्ड पाहिलेले एक वृद्ध जर्मन जोडपं आमच्या शेजारी होतं. त्यांना फरक काय वाटला ते विचारलं, तर आजी म्हणाल्या, आता पक्षी ऐकू येतात.

पुढे गाडी भाड्याने घेऊन हार्डांगरकडे वळलो. आंतरराष्ट्रीय परवाना काढून न्या, भाड्याच्या कंपन्या तो मागतात. दिवसाही दिवे चालू ठेवावे लागतात, आणि टोल नाक्यावर थांबायचं नसतं, तो आपोआप नोंदला जाऊन नंतर बिलात येतो. 2013 मध्ये झालेला हार्डांगर पूल ओलांडताना मुलाला बोगद्यातला निळ्या दिव्यांचा चौक बघून काय सांगू असं झालं. डोंगराच्या आत चक्क गोल चौक!

व्योरिंग्सफॉसेन या धबधब्याचं पाणी एकूण 182 मीटर खाली जातं. कडे उघडे होते, लोक वाकून बघायचे, अपघात झाले. मग इथे कठडे, पायवाटा, सज्जे बांधले, आणि ऑगस्ट 2020 मध्ये दरीवरचा पायऱ्यांचा पूल उघडला. पायऱ्या 99. एका काठाहून दुसरा काठ उंच आहे, म्हणून पूल सरळ न जाता चढत जातो, आणि मधोमध पोचलात की धबधब्याचं तोंड तुमच्या पायांखाली असतं. तुषार इतके की चष्मा सारखा पुसावा लागतो. जाळीतून खालची दरी दिसते. उंचीची भीती असणाऱ्यांनी पूल टाळून कडेच्या सज्ज्यांवरून बघावं, तिथूनही दृश्य तितकंच मोठं आहे. प्रवेशाला पैसे नाहीत, पार्किंगचे मात्र विचारून घ्या. बर्फाच्या दिवसांत पूल बंद असतो. इतका खर्च करून बांधलेल्या या जागेवर कुठे जाहिरात नाही, दुकानांची रांग नाही, गाड्यांवर वडे तळत नाहीत. आपल्या घाटातल्या धबधब्यांपाशी असं काही व्हावं अशी इच्छा मनात आल्याशिवाय राहत नाही.

बर्गेनबद्दल सगळीकडे भरपूर लिहिलेलं सापडेल, म्हणून ब्रुग्गेनची लाकडी घरं आणि फ्लोयेनची रेल्वे मी सोडते. एकच सांगते: लोव्स्टाकेन डोंगराच्या पोटातून जाणारा फिलिंग्सडालेनचा सायकल आणि पायी बोगदा जरूर बघा. एप्रिल 2023 मध्ये उघडला, लांबी 2.9 किलोमीटर. सायकल आणि पादचाऱ्यांसाठी मुद्दाम खोदलेला एवढा लांब बोगदा जगात दुसरा नव्हता. दिव्यांचे रंग बदलत जातात, मधल्या टप्प्यावर एक मोठं घड्याळासारखं शिल्प आहे, शाळेतून घरी जाणारी मुलं शेजारून सायकलवर जातात. जाताना चाललो, येताना बोगद्याच्या टोकापासून ट्रॅम घेतली. बर्गेनमध्ये पाऊस हमखास असतो, त्या दिवसासाठी यापेक्षा चांगला बेत नाही. तीच ट्रॅम व्यवस्था विमानतळापर्यंतही जाते, साध्या शहरी तिकिटात, पाऊण तासात.

निघण्यापूर्वीचं थोडं. नॉर्वे युरोपियन युनियनमध्ये नसला तरी शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि उन्हाळ्यासाठी भेटीच्या तारखा लवकर संपतात, म्हणून फेब्रुवारी-मार्चमध्येच कामाला लागा. तीस हजार युरोंचा वैद्यकीय विमा बंधनकारक आहे. चलन क्रोनर, युरो नाही, आणि रोख पैसे आम्हाला कुठे लागलेच नाहीत. परदेशी व्यवहारावर कमी शुल्क घेणारं कार्ड पुरे. डोंगरी रस्ते मे अखेरपर्यंत बंद असू शकतात, त्यामुळे वर लिहिलेलं सगळं एका फेरीत बघायचं तर जूनचा मध्य ते ऑगस्ट. आणि आरक्षण करताना क्रम असा ठेवा: आधी फ्लोम किंवा ऑर्लांडची खोली, मग बोट, मग रेल्वे. तिथे खोल्या मोजक्याच आहेत, आणि त्या मिळाल्या की बाकीच्या तारखा त्याभोवती सहज बसतात.