आधी डबा दाखवा

आमच्याकडे सायकल बांधून घ्यायला कुणी आलं की आम्ही उंची नंतर मोजतो आणि पैशांचं त्याहून नंतर बोलतो. आधी विचारतो, रोज बरोबर काय नेता? जमलं तर ती वस्तूच दुकानात घेऊन या म्हणतो. त्यामुळे आमच्या बाकड्यावर कायम काहीतरी पडलेलं असतं. कुपवाड एमआयडीसीतल्या फिटरचा चार पुडांचा डबा, शिकवणी घेणाऱ्या बाईंची वह्यांची थप्पी, एकदा तर तराजूसकट भाजीची पाटी. गिऱ्हाईक पहिल्यांदा हसतं. "मालक, मला सायकल पाहिजे, डब्याचं कपाट नको," असं एकानं ऐकवलंही होतं. पण ही सवय आम्हाला फुकट लागलेली नाही. बरेच पैसे घालवून लागली आहे.

वडिलांनी, म्हणजे अण्णांनी, १९७८ साली सांगलीच्या गावभागात १२ सायकली भाड्यानं द्यायला सुरुवात केली. तासाला आठ आणे. त्या काळी नगरपालिकेचा बिल्ला नसला, रात्री दिवा नसला किंवा डबल सीट दिसली तर पोलीस सायकल अडवायचे. अण्णा म्हणायचे, निम्मं भांडण दिव्याचं असायचं. त्या सायकली सगळ्या एकाच घाटाच्या: २८ इंची चाकं, पुढच्याला ३२ तारा, मागच्याला ४०, सळईचे ब्रेक, पूर्ण चेनकव्हर, स्प्रिंगची सीट, वजन २० किलोच्या घरात. आज त्यांना जुनाट म्हणतात. पण मागच्या चाकाला आठ तारा जास्त का, तर ओझं मागं असतं म्हणून. चेनकव्हर का, तर धोतर आणि लेंगा अडकू नये म्हणून. कुणीतरी विचार करून ठेवलं होतं हे सगळं. मला ते कळायला वीस वर्षं लागली.

नव्वदीत घरोघरी लूना आणि एम-८० आल्या आणि भाड्याचा धंदा बसला. अण्णांनी पंक्चर आणि ओव्हरहॉलिंगवर घर चालवलं. मी आयटीआय करून कुपवाडला लेथवर लागलो. २००९ साली अण्णांचे गुडघे गेले, तेव्हा नोकरी सोडून दुकानात बसलो.

तेवढ्यात गिअरच्या सायकलींची लाट आली. आम्हीही ठेवल्या, विकल्याही चांगल्या. आणि तीन-चार महिन्यांत त्याच सायकली परत येऊ लागल्या, मोडल्या म्हणून नव्हे, तर वापरात नाहीत म्हणून. मडगार्ड नाही, त्यामुळे पावसात पाठीवर चिखलाची रेघ. कॅरियर नाही, त्यामुळे डबा हँडलला लटकवायचा आणि तो गुडघ्याला आपटायचा. स्टँड नाही, त्यामुळे सायकल भिंत शोधत हिंडायची. सकाळी व्यायामाला म्हणून घेतलेल्या सायकलीचा मालक भाजी आणायला स्कूटरवर जायचा. मी हे सामान वेगळं बसवून द्यायला लागलो आणि मग लक्षात आलं की त्या फ्रेमना कॅरियरचे बोल्ट घ्यायला भोकंच नाहीत. क्लॅम्पवर बसवलेलं कॅरियर दहा किलोला खाली घसरतं आणि ब्रेकवर टेकतं. सायकल आधी आणि सामान नंतर, हा क्रमच उलटा आहे हे मला तिथं पहिल्यांदा कळलं.

आमचं पहिलं खरं काम मिरजेचं. सतार-तंबोऱ्यांच्या कामासाठी मिरज सगळीकडे माहीत आहे. तिथले एक कारागीर आले, त्यांना आम्ही चाचा म्हणतो. चाचांना घरापासून कारखान्यापर्यंत तंबोऱ्याचे वाळलेले भोपळे न्यायचे होते. भोपळा वजनाला काहीच नाही, पण आकारानं घागरीहून मोठा, आणि एक टिचकी जोरात बसली तरी तडा जातो. रिक्षावाला प्रत्येक खड्ड्यात जीव घ्यायचा, असं ते म्हणाले. मी हँडलवर मोठी जाळीची टोपली बसवून दिली. आठवड्यात परत आले. चढावर नाही, उतारावर नाही, सरळ रस्त्यावर थांबताना हँडल एका बाजूला पडायचं आणि भोपळे त्याच्याबरोबर. शिवाय पुढचा दिवा टोपलीमागं झाकला जायचा.

चूक सोपी होती. हँडलवरचं ओझं हँडलबरोबर वळतं. ते हलकं असलं तरी लांब आणि उंच असलं की हात सोडताक्षणी चाक फिरवून टाकतं. मी टोपली काढली आणि दोन पाइप थेट फ्रेमच्या पुढच्या नळीला, म्हणजे हँडलची दांडी जिच्यात फिरते तिला, जोडून त्यावर सपाट फळी बसवली. आता हँडल वळतं तेव्हा फळी सरळच राहते. पहिल्यांदा चालवणाऱ्याला हे विचित्र वाटतं. चाक डावीकडे गेलं तरी समोरचं सामान जागचं हलत नाही, डोळे फसतात. चाचा दोन दिवसांत सरावले. फळीवर जुन्या टायरची कडी ठेवली, भोपळ्याचा तळ तिच्यात बसतो. दिवा फळीच्या खाली आणला. हे काम मी तीन वेळा केलं आणि पैसे एकदाच घेतले, पण त्यानंतर मिरजेतून माणसं यायला लागली.

मग चाकांनी शिकवलं. २६ इंची सायकलींच्या दुरुस्तीसाठी मी एकरकमी ५० अ‍ॅल्युमिनियमच्या रिम मागवल्या. टायरवर २६ लिहिलेलं, रिमवर २६ लिहिलेलं, मग अडचण कसली? टायर चढेचना. २६ x १ ३/८ च्या टायरचा बसायचा व्यास ५९० मिलिमीटर असतो आणि २६ x १.७५ चा ५५९. इंचाचा आकडा टायरच्या बाहेरच्या मापाचा, तोही अंदाजाचा. खरं माप टायरच्या बाजूला बारीक अक्षरात छापलेलं असतं, ४७-५५९ असं. त्या ५० रिम संपवायला मला दोन वर्षं लागली. आता आमच्या दुकानात इंचात कुणी बोलत नाही. पोरगा नवीन आला की पहिला आठवडा त्याला टायर वाचायला बसवतो.

सांगली-मिरज पट्टा सपाट आहे, तरी लोक येतात ते गिअर पाहिजे म्हणूनच. त्यांना मी फ्रीव्हीलचे, म्हणजे मागच्या दातेरी चक्राचे, दाते मोजून दाखवतो. पुढं ४४ आणि मागं १८ दाते असले तर २८ इंची सायकल पायडलच्या एका फेऱ्यात साधारण साडेपाच मीटर जाते. मागं २२ दात्यांचं फ्रीव्हील लावलं तर साडेचार मीटर. म्हणजे मिनिटाला साठ फेरे मारणारा माणूस ताशी २० ऐवजी १६ किलोमीटरनं जाईल, पण रेल्वेवरच्या पुलावर त्याला उतरून ढकलावं लागणार नाही. फ्रीव्हील, चेनच्या दोन-तीन कड्या आणि अर्ध्या तासाची मजुरी. दहापैकी सात जणांचं काम यातच भागतं. उरलेल्या तिघांना समजावून उपयोग नसतो, गिअर हा मानाचाही विषय आहे.

ज्याला खरंच गिअर लागतो त्याला आम्ही हबच्या आतला गिअर सुचवतो, कारण त्यात चेन इकडून तिकडे उडी मारत नाही आणि पूर्ण चेनकव्हर लावता येतं. याची ओळख एका निवृत्त प्राध्यापकांच्या जुन्या रॅले सायकलीमुळे झाली. तिच्या मागच्या चाकात इंग्लंडच्या नॉटिंगहॅमचा स्टर्मी-आर्चर तीन गिअरचा हब होता. मधला गिअर सरळ, खालचा त्याच्या तीन चतुर्थांश, वरचा एक तृतीयांशानं जास्त. मी तो उघडला, आतले बारीक दाते-चाकं पाहून खूश झालो, सगळं स्वच्छ केलं आणि प्रेमानं घट्ट ग्रीस भरून बंद केला. सर दुसऱ्या दिवशी चालत आले. पायडल मारलं की मधूनच पाय हवेत फिरत होता. आत केसासारख्या स्प्रिंगवर चालणारे छोटे अडकवे असतात, ते ग्रीसमध्ये चिकटून बसले होते. त्या हबला पातळ तेल लागतं, आणि ते घालायला हबवर टोपणाचं वेगळं भोकही होतं. मी ते टोपण पुसून चकचकीत केलं होतं. कशासाठी आहे हे मात्र विचारलं नव्हतं.

२०१९ चा ऑगस्ट सांगलीत कुणी विसरणार नाही. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फूट ही धोक्याची पातळी. पाणी ५७ फुटांच्या पुढं गेलं. आम्ही सामान माळ्यावर चढवलं आणि माळाही पाण्यात गेला. पाणी ओसरल्यावर दुकानात गुडघाभर गाळ होता. त्याहून मोठं काम पुढं आलं, कारण गावातल्या शेकडो सायकली त्याच पाण्यात होत्या. बाहेरून धुतल्या की नव्या दिसायच्या. पण नदीचा गाळ पिठासारखा बारीक, तो हबमध्ये, हँडलच्या वाट्यांत, पायडलमध्ये, सगळीकडे शिरला होता. तशीच चालवली की तो छर्रे आणि छर्रे ज्यावर फिरतात ते कोन दोन महिन्यांत खाऊन टाकायचा. दोघे कामगार आणि मी, आम्ही दिवसाला आठ-नऊ सायकली पूर्ण उघडत होतो. रॉकेलच्या डब्यात छर्रे धुवायचे, मोजायचे, घासलेले फेकायचे, नवीन ग्रीस, पुन्हा बंद. फ्रेमच्या नळ्यांतून पाणी काढायला सायकली उलट्या टांगल्या होत्या. रस्त्यावरून बघणाऱ्याला खाटकाचं दुकान वाटलं असतं. अण्णा खुर्चीत बसून छर्रे मोजायचे. शेवटचं मोठं काम त्यांनी तेच केलं.

तेव्हापासून आम्ही बांधलेल्या प्रत्येक सायकलीला पायडलच्या मधल्या एक्सलच्या जागी बंद बेअरिंगचा नळकांडा बसवतो आणि खालच्या नळीच्या तळाला पाणी निघायला बारीक भोक ठेवतो. २०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी आलं तेव्हा त्या भोकाचा उपयोग झाला.

लॉकडाऊनमध्ये सगळ्यांनाच सायकल हवी होती आणि लुधियानाहून माल येत नव्हता. आम्ही अडगळीतल्या जुन्या फ्रेम विकत घेऊन त्यावर काम केलं, आणि त्यातूनच आजचा धंदा उभा राहिला. त्यावर जास्त लिहिण्यासारखं नाही, तेव्हा आम्ही फक्त धावत होतो. कराबद्दलही एका वाक्यात: सायकलीवर १२ टक्के जीएसटी होता, सप्टेंबर २०२५ पासून ५ झाला, गिऱ्हाइकानं त्याची चौकशी आमच्या आधी केली.

याच काळात मिरजेच्या एका हॉस्पिटलमधल्या सिस्टर आल्या. रात्रपाळी, साडी, उंची पाच फुटाला दोन इंच कमी. जुनी दांडीची फ्रेम कापून मी वरची नळी खाली आणली आणि इलेक्ट्रिक वेल्डिंगनं जोडली. चार महिन्यांनी जोडाच्या शेजारी केसाएवढी चीर. सुदैवानं त्यांनी सीटचा कुरकुर आवाज ऐकून आणली, पडल्या नाहीत. पातळ नळी आर्कच्या उष्णतेनं जोडाच्या कडेला मरते. जुने कारखाने नळ्या लगमध्ये, म्हणजे जोडाच्या पोकळ वाट्यांत, बसवून पितळ वितळवून जोडायचे, ते उगीच नव्हे. मी त्यांना दुसरी फ्रेम फुकट दिली, गॅसवर पितळ मारून. आता माझ्याकडे वेल्डिंगचं मशीन आहे, पण ते फक्त स्टँड आणि कॅरियरसाठी.

त्यांची दुसरी तक्रार दिव्याची. डायनॅमो सहा व्होल्ट, तीन वॅटचा, टायरवर घासून चालणारा. चालू सायकलीला छान उजेड. सिग्नलला थांबलं की पुढचाही गेला आणि मागचाही. "दादा, ट्रक मागून येतो तेव्हाच मी अंधारात असते," त्या म्हणाल्या. आमचा भाचा इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करत होता. त्यानं मागच्या एलईडीला एक कपॅसिटर जोडला, चालताना तो भरतो आणि थांबल्यावर तीन-चार मिनिटं दिवा तेवत ठेवतो. महागड्या परदेशी दिव्यांत हे असतंच. आमचा दिवा दिसायला ओबडधोबड आहे, साबणाच्या डबीएवढा. पण दर महिन्याला पाच-सहा जातात, नुसता दिवा न्यायलाही लोक येतात.

आता दुकानात आम्ही चौघं आहोत. महिन्याला सात-आठ सायकली पूर्ण बांधून देतो. त्याहून जास्त घेत नाही, कारण चाकं मी स्वतः गुंफतो आणि त्यांचा आउट, म्हणजे हेलकावा, काढतो, ते दुसऱ्यावर सोडवत नाही. बायको म्हणते, हा धंदा नव्हे, हट्ट आहे. हिशेब तीच ठेवते, त्यामुळे वाद घालत नाही.

सध्याची कटकट मोटरची. २५० वॅटपेक्षा कमी ताकदीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या सायकलीला नोंदणी लागत नाही, म्हणून सगळ्यांना किट बसवून हवं आहे. पहिलं किट मी नुसत्या नटवर बसवलं. जोर दिला तसा मोटरचा एक्सल चाक धरणाऱ्या चिमट्याच्या खाचेत फिरला आणि स्वतःचीच वायर पिळून तोडली. आता एक्सलला पकडून ठेवणारी पोलादी पट्टी लेथवर करून घेतो आणि तिचं दुसरं टोक फ्रेमला बांधतो.

परवा मिरजेचे चाचा आले होते, मुलाला घेऊन. फळीचा रंग गेला आहे, बाकी सायकल धडधाकट. मुलगा म्हणाला, अब्बांना आता वारा लागला की दम लागतो, मोटर बसवा. चाचा म्हणाले, मोटर झटका देते, भोपळा तडकेल. मुलानं मोबाइलवर हळू सुरू होणारं कंट्रोलर दाखवलं. चाचांनी चष्मा काढून खिशात ठेवला. पट्टी मी करून ठेवली आहे. बापलेकांचं ठरेपर्यंत सायकल आमच्याकडेच उभी आहे, आणि बाकड्यावर एक भोपळा.